सोमवारची मढी

ज्या पिक्चरमध्ये खून पडतो आणि बघणारे हसतात, तसले पिक्चर मला आवडतात. ही गोष्ट भोरमध्ये फारशी कुणाला ठाऊक नाही. मी तिथल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे, आणि ग्रंथपालाला काय आवडावं हे गावाने त्याच्या वतीने आधीच ठरवून टाकलेलं असतं. त्याला शास्त्रीय गाणं आवडावं, त्याचे डोळे अधूनमधून पाणवावेत, आणि हल्ली कुणी वाचत नाही असं त्याने दिवसातून एकदा तरी म्हणावं. यातलं तिसरं मी नेमाने करतो. बाकी दोन बाबतींत गावाचा गैरसमज मी दूर केलेला नाही.

हा नाद दादाने मला लावला की मी दादाला, यावर आमचं कधी एकमत झालं नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचं पालीला, राजगडाच्या पायथ्याशी, हॉटेल होतं. पत्र्याची शेड, सारवलेली जमीन, चार बाकडी, भिंतीवर क्रिकेटसाठी घेतलेला मोठा टीव्ही. मागच्या दोन खोल्यांत दादा आणि वहिनी राहायचे. मूलबाळ नव्हतं. शनिवार-रविवारी पुण्याची मंडळी गड चढायला यायची. चढताना ती इतिहासाने भारावलेली असायची आणि उतरताना भुकेने. दादाचा व्यवहार फक्त उतरणाऱ्यांशी. पिठलं-भाकरीचे ते आधी फोटो काढायचे, 'खरी चव, खरी चव' म्हणायचे, आणि मग हळूच नूडल्स मिळतील का ते विचारायचे. दादा दोन्ही ठेवायचा. त्याच्या मते महाराष्ट्राची संस्कृती या दोन पातेल्यांत मावत होती.

सोमवारी गड रिकामा आणि वाचनालय बंद. मी सकाळच्या एसटीने भोरहून नसरापूर, तिथून वेल्ह्याच्या गाडीने पुढे, आणि शेवटचा तुकडा जे मिळेल त्याने, असा पालीला जायचो. खांद्याला पुस्तकांची पिशवी. तिच्यात पुस्तकं नसायची. लॅपटॉप असायचा, आणि भोरमध्येच उतरवून घेतलेला एक पिक्चर, कारण पालीत फोन कसाबसा लागतो, पण पिक्चर उतरवण्याइतकी रेंज हवी असेल तर माणसाला निम्मा गड चढावा लागतो. लॅपटॉप वायरीने टीव्हीला जोडायचा, शेडचं दार लोटून घ्यायचं, आणि दुपारभर मढी बघायची.

मढी हा वहिनींचा शब्द. "आलं का भावजी मढी घेऊन?" असं माझं स्वागत व्हायचं. त्या पिक्चर बघत नसत. टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसत, आणि ती पाठ आमच्या अभिरुचीबद्दल पुष्कळ काही बोलायची.

पिक्चर बहुतेक परदेशी. खाली इंग्रजी अक्षरं. दादाचं इंग्रजी 'नो पार्किंग'च्या पुढे गेलेलं नव्हतं, म्हणून मी प्रत्येक वाक्य मोठ्याने मराठीत सांगायचो. वाचनालयात माझा आवाज पुढच्या टेबलापर्यंतही जात नाही. पालीत मात्र मी घसा खरवडून "अरे, याचे पाय बाहेर राहतायत, दुमडून घे!" असं ओरडत असे. एकदा एक जण आडवाराचा गड करून पाणी मागायला दारापर्यंत आला होता. आतून माझा आवाज आला, "आता हिलाही मारावं लागणार, हिने बघितलंय." तो पाणी न पिताच गेला. दादा त्याच्या मागे बाटली घेऊन धावला, तेव्हा तर तो गडाच्याच दिशेने परत पळत सुटला. दादा आठवडाभर ते सांगून हसत होता.

या पिक्चरांत आम्हाला काय आवडायचं, हा प्रश्न मला आता पडतो. तेव्हा मी त्याची पुस्तकी उत्तरं द्यायचो. मृत्यूच्या भयावर हास्याचा उतारा, वगैरे. दादा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, ते भाषणात सांगा." मी मास्तर नव्हतो, पण पुस्तकाजवळ बसणारा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी मास्तर होता.

"मग तुला का आवडतं?"

"आपल्या पिक्चरात खून झाला की खुनी लगीच शाना व्हतो," तो म्हणायचा. "काळा चष्मा, मागनं म्युजिक. यांच्यात खून हुतो आन मंग मढ्याचा एक बूट सापडत न्हाई. मंग बूट हुडकायला परत जायचं. तितं शेजारीण चहाला थांबवती. हे खरं हाय का न्हाई? उद्या आपल्या हातनं कोन मेलं तर आपलं बी असंच हुनार. तू तर आदी त्याची पावती फाडशील, अमुक तारखेला परत करा म्हनून."

"आणि तू?"

"म्या काय, म्या त्याला जेवायला वाढीन. सवयच हाय."

पाठमोऱ्या वहिनी तेव्हा हसल्या होत्या की तोंडात टाकलेल्या तांदळातला खडा थुंकल्या होत्या, ते कळलं नाही.

दादाच्या आयुष्यात तेव्हा एकच मोठं दुःख होतं, आणि ते सुकटीचं. डॉक्टरांनी रक्तदाब बघून मीठ तोडायला सांगितलं होतं, आणि खारवलेलं तर घरात आणायचंच नाही म्हणाले होते. वहिनींनी ते कोर्टाचा हुकूम असल्यासारखं पाळलं. अडचण अशी, की वहिनींचा धाकटा भाऊ आठवडी बाजारांतून सुकट-बोंबील विकतो. त्याचा टेम्पो वेल्ह्यात शिरला की बाजाराला आधी वासाने कळतं. माहेर सुकटीचं आणि सासरी सुकटीला बंदी. मेव्हणा बहिणीला भेटायला आला की वहिनी त्याला टेम्पो फाट्यावर लावून चालत यायला लावायच्या. दादा दारात उभा राहून फाट्याकडे बघत राहायचा. कांदा घालून परतलेली सुकट आणि गरम भाकरी, याच्यापुढे त्याला जगातलं दुसरं काही अन्न वाटत नसे. "मूठभर," तो दर सोमवारी वहिनींना म्हणायचा, "फक्त मूठभर." वहिनी म्हणायच्या, "पिक्चर बगा."

शेवटच्या सोमवारचा पिक्चर मात्र परदेशी नव्हता, दक्षिणेतला होता; खालची अक्षरं तेवढी इंग्रजीच. तीन भुरटे चोर एका लग्नाच्या हॉलमधून सोन्याची म्हणून एक भलीमोठी सूटकेस उचलतात. उघडतात तर आत नवरदेवाचा काका. मेलेला. आता पोलिसांकडे जावं तर चोरी उघडी पडणार आणि टाकून द्यावा तर खून अंगावर येणार. तेव्हा तिघांचं ठरतं, की काका परत करायचा. लग्न अजून चालू आहे, कुणाच्या लक्षात यायच्या आत काका हॉलमध्ये नेऊन बसवायचा. दादा हे ऐकून बाकड्यावर आडवाच झाला. काकाला कोट घालून दोघांनी दोन बाजूंनी धरून मांडवात आणलं, कुणीतरी त्याच्या हातात अक्षता दिल्या, आणि नेमका तेव्हा फाट्यावरून गॅसच्या गाडीचा भोंगा वाजला.

"थांबव," दादा डोळे पुसत म्हणाला. "सिलिंडर उतरून घेतो. ऱ्हायलेला फुडच्या सोमवारी. मला सोडून फुडचं बगायचं न्हाई, मास्तर."

मी पिक्चर थांबवला. काका हातात अक्षता घेऊन उभा राहिला.

गुरुवारी सकाळी दादा बाकडी पुसता पुसता एकावर बसला, तो उठला नाही.

आपल्याकडे माणूस मेला की तो कोण होता हे ठरवायचा हक्क त्याच्याकडून काढून घेतला जातो. दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. दादाचा फोटो वरच्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी लग्नातला, कापलेला, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. खाली शोकाकुल मंडळींचे फोटो त्याच्या तिप्पट मोठे, गॉगलसकट, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर निवडून आल्याचा आनंद. नवखा माणूस बघता तर नेमकं कोण वारलं ते त्याला विचारावं लागलं असतं. दादाला हा फ्लेक्स फार आवडला असता.

भेटायला येणारे दारातून रडत यायचे, बसले की थांबायचे, चहा आला की जमिनीच्या भावावर बोलायचे. जाताना परत दारापाशी रडायचे. मला हे जमेना. मी एका कोपऱ्यात पुस्तक मिटून धरावं तसे हात धरून बसायचो. एक म्हातारे पाहुणे मला निरखून म्हणाले, "शिकल्याली मानसं आतनं रडत्यात." मी मान हलवली. आतून काहीच होत नव्हतं. टीव्हीवर चादर टाकली होती, लॅपटॉप पिशवीत होता, आणि त्यात काका उभा होता. मला एवढंच डोक्यात येत होतं, की अक्षता टाकायची वेळ झाली तर तो हात कसा हलवणार.

दहाव्याला नदीकाठी गाव लोटलं. मूल नसल्याने क्रिया माझ्याकडे. डोक्याची हजामत झाली. फारसं काम नव्हतं, त्यामुळे न्हाव्यानेही उत्साह दाखवला नाही. अंगावर ओलं धोतर, समोर गुरुजी. पाठीमागे माईक, कारण आमच्याकडे दहावा माईकशिवाय होत नाही. एक पुढारी उशिरा आले, त्यांना पुढे कुठेतरी जायचं होतं, म्हणून त्यांनी आधी भाषण केलं. त्यांनी दादाला आदर्श शेतकरी म्हटलं. मागून कुणीतरी कानात सांगितलं, तेव्हा त्यांनी आदर्श हॉटेलव्यावसायिक म्हटलं, गडाच्या पायथ्याशी संस्कृतीची ज्योत तेवत ठेवली असं म्हटलं, आणि रस्त्याचं काम लवकरच मार्गी लागेल असं सांगून ते गेले. मला नूडल्सचं पातेलं आठवलं. मी मान आणखी खाली घातली. लोकांना वाटलं गहिवरलो.

मग मी भाताचा पिंड दगडावर ठेवला, वर काळे तीळ, बाजूला झेंडूचं फूल, आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघू लागले.

कावळा येईना.

म्हणजे कावळे होते. का-का ऐकू येत होतं. पण पिंडाकडे एकही फिरकेना. ऊन चढायला लागलं. वहिनींनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. कावळा शिवल्याशिवाय घेणार नाही म्हणाल्या होत्या. बायकांच्या घोळक्यात पुढे, पदर डोक्यावर ओढून, त्या पिंडाकडे टक लावून बसल्या होत्या.

कावळा शिवेना म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुठली, हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून लोक एकेक इच्छा बोलून बघतात. ही पद्धत मुळात ज्याने पाडली त्याला माणसं चांगली कळली असावीत. मेलेल्या माणसासमोर जिवंत माणसं इतकं खरं बोलतात ते तेवढ्याच वेळी. सरपंचाच्या भावाने हात जोडून सांगितलं, "हॉटेल बंद पडू देनार न्हाई आमी." कावळा नाही. एक आत्या म्हणाली, "बायकूची काळजी करू नगंस रं." नाही. मग लोकांची नजर आमच्या चुलतभावाकडे वळली. त्याचं आणि दादाचं शेताच्या बांधावरून फार जुनं भांडण होतं. तो आधी नदीकडे बघत राहिला. शेवटी पुढे झाला.

"बांधाचं मिटिवतो," तो पिंडाला म्हणाला.

काही नाही.

"नीट बोल की," मागून कुणीतरी म्हणालं. "किती सोडनार ते सांग."

"अर्दा हात सोडतो."

सगळ्यांनी आभाळाकडे बघितलं.

"हातभर सोड की! मेलाय त्यो!"

"मंग माझी इहीर त्याच्याकडं जाती!" चुलतभाऊ कळवळून म्हणाला. मेलेल्या माणसाशीही त्याने घासाघीस सोडली नाही, हे बघून मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा थोडा आदर वाटला.

गुरुजी मोबाईलमध्ये वेळ बघत होते. त्यांना पुढे पासली गावात आणखी एक दहावा होता. तेवढ्यात वहिनी उठून माझ्याजवळ आल्या. पाया पडायला वाकल्यासारख्या वाकल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, "भावजी, म्या त्यांची सुकट बंद केली व्हती."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मूठभर मागायचं. म्या दिली न्हाई. तशीच गेली त्यांची इच्छा." ओठ कोरडे पडले होते. "आता हितं समद्यांपुढं, दहाव्याला, सुकट म्हनू कशी म्या?"

त्या परत जाऊन बसल्या. सगळं गाव दादाची इच्छा शोधत होतं, ती एकट्या वहिनींनाच ठाऊक होती, आणि ती मासळीची असल्यामुळे उच्चारता येत नव्हती. आता कावळा शिवला नाही तर ही बाई उरलेलं आयुष्य आपण नवऱ्याला उपाशी घालवलं असं मानून काढणार, हे मला स्पष्ट दिसलं. मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवत नाही. पण विश्वास न ठेवण्याचा त्या वेळी कुणाला काही उपयोग नव्हता.

मी मान वर केली, आणि तेव्हा मला कावळे दिसले. सगळेच्या सगळे. घाटाच्या वरच्या अंगाला, आंब्याखाली, मेव्हण्याचा टेम्पो उभा होता. तो आदल्या दिवशीचा बाजार करून थेट आला होता, माल उतरवायला वेळ मिळाला नव्हता. ताडपत्रीवर कावळ्यांची सभा भरली होती. पोत्यांनी सुकट समोर असताना कोरडा भात कोण खाणार?

मी मेव्हण्याला खुणेने बोलावलं. तो टोपी हातात घेऊन आला.

"पाहुणं, तुमच्या टेम्पोत काय आहे?"

"माल हाय, सर."

"कावळे बघितले का?"

त्याने मागे बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "आईशप्पत," तो म्हणाला. "दाजींचा कावळा म्या आडवून धरलाय."

"टेम्पो लांब न्या. गुपचूप."

तो गेला. टेम्पो सुरू झाला, वळला, वेल्ह्याच्या रस्त्याला लागला. आणि त्याच्यामागे, एका रांगेत, शिस्तीने, सगळे कावळे गेले. आभाळ मोकळं झालं.

घाटावर एकच हलकल्लोळ उडाला. "गेलं! समदं कावळं गेलं!" आत्याने हंबरडा फोडला, "रुसला गं बया, माझा राजा लई रुसला!" चुलतभाऊ भीतीने पांढरा पडला. "हातभर! हातभर सोडतो!" तो मोकळ्या आभाळाला ओरडला.

मी मोबाईल मागून घेतला आणि मेव्हण्याला फोन केला. ओल्या धोतरात, टक्कल केलेला, दहाव्याच्या घाटावरून मी कुजबुजलो, "कावळे परत आणा."

इतकी वर्षं पिक्चरमधली वाक्यं मराठीत सांगत आलो होतो, तसंच हेही बोललो.

टेम्पो आला, कावळे आले. मेव्हणा घाईने खाली उतरला, पिंडाला नमस्कार करायचा म्हणून त्याने लोटांगण घातलं, आणि उठला तेव्हा पिंडातून बोंबलाची शेपटी बाहेर दिसत होती. मी झपकन झेंडूचं फूल सरकवून ती झाकली. फुलाला शेपूट फुटल्यासारखं दिसू लागलं.

"वास कसला येतोय?" गुरुजींनी नाक वर केलं.

"नदीचा," चुलतभाऊ म्हणाला. तो आता कुठल्याही बाजूने मदत करायला तयार होता. "नदीला मासं असत्यात, गुरुजी."

कावळे ताडपत्रीवरून उठले. एक जण खाली, अगदी जवळच्या दगडावर येऊन बसला. वहिनी गुडघ्यांवर उभ्या राहिल्या. कुणी श्वास घेईना. आणि मागच्या झुडपातून एक तांबडं कुत्रं आलं, लोकांच्या पायांतून वाट काढत सरळ दगडापाशी गेलं, त्याने बोंबील, फूल आणि निम्मा पिंड एका घासात उचलला, आणि नदीच्या कडेने निघून गेलं. घाई नव्हती त्याला. आमंत्रण असल्यासारखं आलं आणि गेलं.

मी बाजूला बघितलं.

इतकी वर्षं अशी जागा आली की मी डावीकडे बघत आलो होतो. पिक्चरकडे नाही, दादाकडे. तो कसा हसतो ते बघायला. पोट धरून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत, हाताने 'थांबव, थांबव' करत. घाटावर माझ्या डावीकडे गुरुजींची पिशवी होती. त्या क्षणी मला कळलं की तो मेला. फ्लेक्सने, चितेने, दहा दिवसांच्या रडण्याने जे कळलं नव्हतं ते त्या कुत्र्याने कळवलं. मी तोंडावर हात धरला आणि माझे खांदे हलू लागले. हसत होतो की रडत होतो हे मला आजही सांगता येणार नाही. मागून ते म्हातारे पाहुणे म्हणाले, "आलं. आतलं भाईर आलं."

गुरुजींनी दर्भाची जुडी काढली. दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ, शास्त्रात सोय आहे, म्हणाले. लोकांना ते पटलं. ऊन फार झालं होतं.

"गवताचा कावळा नगं," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माज्या मानसानं कदी गवत खाल्लं न्हाई. म्या बसते हितंच. तुमी समदी जावा."

कुणी गेलं नाही. गुरुजींनी पासलीला फोन लावून उशीर होईल असं कळवलं, आणि मला म्हणाले, "दुसरा पिंड करा."

मेव्हणा पुढे आला, मला गळामिठी मारून हुंदके देऊ लागला, आणि त्या मिठीत माझ्या मुठीत कागदाची एक पुडी सरकवली. "बोंबील नगं आता," तो हुंदक्यांच्या मध्ये म्हणाला, "सुकट हाय. बारीक. भातात दिसायची न्हाई." पिक्चरमध्ये हे इतक्या सफाईने कधी होत नाही. मी पाठ वळवून भात कालवला, चिमूटभर सुकट मिसळली, वर दुप्पट तीळ पेरले. अंत्यविधीत भेसळ करणारा ग्रंथपाल. गुरुजींना माझी वळलेली पाठ दुःखाची वाटली असावी, किंवा त्यांनी तसं वाटून घेतलं असावं.

पिंड ठेवला. वहिनींनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग एक म्हातारा, पिसं विस्कटलेला कावळा तिरक्या चालीने आला, पिंडाभोवती फिरला, एक चोच मारली, थांबला, मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं, आणि मग खातच सुटला. लोकांनी सुस्कारा सोडला. चुलतभावाने हळूच विचारलं, "हे बांधामुळं न्हाई ना?" कुणीतरी वहिनींच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला.

मी त्यांना काही सांगितलं नाही. कावळा दादाची इच्छा पुरी झाली म्हणून नाही तर सुकटीच्या वासाने आला, हे सांगून मी कुणाचं भलं करणार होतो?

पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "सोमवारी या. त्यो डबा घिऊन या." लॅपटॉपला त्या डबा म्हणतात.

गेलो. टीव्हीवरची चादर काढलेली होती. वहिनी सुपात तांदूळ घेऊन बसल्या, पण या वेळी टीव्हीकडे तोंड करून. "त्ये लग्नातलं मढं," त्या म्हणाल्या. "फुडं काय हुतं त्याचं?" त्यांनी सगळे पिक्चर ऐकले होते. माझ्या आवाजात, टीव्हीकडे पाठ करून, पहिल्यापासून.

मी लावला. काका अक्षता धरून उभा होता तिथून. मी मोठ्याने सांगू लागलो. चोरांनी काकाचा हात धरून अक्षता टाकल्या. मग कुणीतरी काकाला पंगतीत नेऊन बसवलं, ताट वाढलं, आणि नवरदेवाची आई आग्रह करू लागली. "घ्या ना, तुम्ही काहीच खाल्लं नाहीत," मी वाचलं.

"भावजी," वहिनी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "पिंडात काय घातलं व्हतं?"

मी पिक्चर थांबवला. पंगतीत काका जिलबीकडे बघत होता.

"बोंबील म्हायत हाय मला, त्ये कुत्र्यानं खाल्लं. म्या सुकटवाल्याची लेक हाय, मला वास कळत न्हाई व्हय? दुसऱ्या पिंडात काय व्हतं?"

"सुकट," मी म्हणालो.

"किती?"

"चिमूटभर."

 वहिनींनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तरीच उशीर लागला," त्या म्हणाल्या. "त्यांना मूठभर लागायची." आणि पदराने डोळे पुसत, पोट धरून, आवाज न करता त्या हसू लागल्या. हाताने मला खूण करत होत्या. लावा, लावा.